पूर्वेस केरबाची मेंढरं

बिडकीनच्या शाळेत आप्पासाहेब गुरुजींनी एकतीस वर्षं चौथीच्या वर्गाला दिशा शिकवल्या. त्यांची पद्धत साधी होती. सकाळी मुलांना पटांगणात उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं करायचं. समोर पूर्व, पाठीमागं पश्चिम, डावा हात पसरला की उत्तर, उजवा पसरला की दक्षिण. या पद्धतीनं शिकलेली मुलं पुढं तलाठी झाली, एसटीत वाहक झाली, दोघं-तिघं तर फौजेत जाऊन थेट सरहद्दीवर पोचले. कुणाची दिशा चुकल्याची तक्रार आली नाही. एक मुलगा पुण्याला म्हणून निघाला आणि जालन्याला उतरला, हे खरं. पण दिशांच्या दिवशी तो गैरहजर होता, असं हजेरीपत्रक सांगतं.

गुरुजी राहायला शहरात होते आणि कायम भाड्यानं होते. एकतीस वर्षांत सात घरं झाली. सातही घरमालक स्वभावानं वेगवेगळे. कुणी पाण्याला कडक, कुणी पाहुण्यांना. पण एका बाबतीत सातही जणांचं एकमत होतं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

या नियमाचा फटका गुरुजींना बसला नाही, वच्छलाबाईंना बसला. लग्नाआधी त्यांनी काचेच्या मण्यांचा एक मोर केला होता. सहा महिने खपून एकेक मणी ओवलेला, निळ्या मखमलीवर बसवलेला, वरून काच आणि भोवती शिसवी चौकट. तो मोर सासरी आला आणि जो ट्रंकेत गेला तो तिथंच राहिला. दर दिवाळीला त्या त्याला बाहेर काढून पुसत, भिंतीला धरून बघत, आणि परत लुगड्याच्या घडीत गुंडाळून ठेवत. त्यांना बंगला नको होता, मोटार नको होती. स्वतःच्या भिंतीत एक खिळा हवा होता, एवढंच.

गुरुजींच्या निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा हा खिळा अचानक निकडीचा झाला. क्रांती चौकातल्या बँकेत साहेबांनी समजावून सांगितलं की, पगारपत्रक आहे तोवर माणसाला घरासाठी कर्ज मिळतं. एकतीस मेनंतर गुरुजींना मान मिळेल, नारळ मिळेल, कर्ज मिळणार नाही.

तेव्हा घरशोध सुरू झाला, आणि पैठण रस्त्याच्या बाजूला काकासाहेबांचं घर सापडलं. काकासाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आता मुलाकडं पुण्याला निघाले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं लिंबाचं झाड. वच्छलाबाईंनी मडकं वाजवून घ्यावं तशा सगळ्या भिंती बोटानं वाजवून पाहिल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या पूर्वेच्या भिंतीपाशी थांबल्या. "इथं," त्या म्हणाल्या. सौदा तिथंच ठरला. इसार दिला, पेढे झाले.

कागद बँकेच्या वकिलांकडं गेले. वकीलसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी गुरुजींना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काकासाहेबांचं एकोणीसशे शहाऐंशी सालचं खरेदीखत समोर ठेवलं. प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा म्हणून एक परिच्छेद असतो. आपल्या जागेच्या चार बाजूंना काय आहे ते त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे जागा नेमकी कुठली याबद्दल वाद राहत नाही. गुरुजींना हा परिच्छेद पाहून बरं वाटलं. अवघ्या कायद्यात हीच एक गोष्ट होती जी ते चौथीत शिकवत होते.

"गुरुजी, जागेच्या पूर्वेला काय आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"दगडाबाईंचं घर आणि पिठाची गिरणी."

"आता हे वाचा."

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. दक्षिणेस रस्ता. पश्चिमेस नाला. उत्तरेस विहीर. पूर्वेस केरबा यांची मेंढरं.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग, मुलानं उत्तर चुकवलं तर ते जसं हळू आवाजात विचारत तसं विचारलं, "हे असं कसं?"

काकासाहेबांना बोलावून घेतलं, तेव्हा उलगडा झाला. शहाऐंशी साली तो सगळा शेताचा तुकडा होता. आपल्याकडं शेतकरी धनगराला विनंती करून कळप चार रात्री रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धनगराला ज्वारी मिळते. खरेदीखत लिहिणारा कारकून जागेवर आला त्या दिवशी शेजारच्या रानात केरबा नावाच्या धनगराचा कळप बसलेला होता.

"लिहिणाऱ्यानं विचारलं, पूर्वेला काय हाय," काकासाहेब म्हणाले. "मी बघितलं. मेंढरं व्हती. मेंढरं सांगितली. सरकारी कागदात खोटं कामून सांगू?"

त्यांच्या सचोटीबद्दल शंका नव्हती. उत्तरेची विहीरही कधीच बुजली होती, पण बुजलेली विहीर ही विहीरच असते असं वकीलसाहेबांचं मत पडलं. प्रश्न उरला पूर्वेचा.

"मग आपण ही चूक दुरुस्त करून घेऊ," गुरुजी म्हणाले. चुका दुरुस्त करणं हाच त्यांचा व्यवसाय होता.

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "चूक दुरुस्त करायला आधी चूक झालेली असावी लागते. खत लिहिलं त्या दिवशी मेंढरं तिथं होती ना?"

"होती."

"मग खत बरोबर आहे. चुकलीय ती जागा."

सूर्याकडं तोंड करून उभं राहिल्यावर समोर येते ती पूर्व, ही गुरुजींची आजवरची समजूत होती. या कार्यालयात सूर्याला कुणी विचारत नव्हतं. कागदावर असते ती पूर्व, आणि जमिनीनं तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

वकीलसाहेबांनी मार्ग सुचवला. मेंढरं गेली आहेत तर ती कधी गेली, कशी गेली आणि पुन्हा येणार नाहीत, असं त्यांच्या मालकाचं शपथपत्र आणावं. मग पुढचं पाहता येईल. तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा होता.

तेहेतीस वर्षांपूर्वी एका रानात चार रात्री बसलेला धनगर शोधणं हे काम वाटतं तितकं अवघड नाही. धनगराला पत्ता नसतो, पण वाट असते, आणि वाटेवरच्या प्रत्येकाला ती माहीत असते. गुरुजी तीन आठवडे शाळा सुटल्यावर फिरले. विहामांडव्याच्या एका सालगड्यानं सांगितलं, केरबा व्हय, तो या महिन्यात पाचोडच्या बाजाराला येतो. पाचोडच्या आठवडी बाजारात गुरुजींना तो सापडला. वय पासष्टीच्या पुढं, खांद्यावर घोंगडं, शेजारी बायको म्हाळसाबाई लसणाचा भाव पाडत बसलेली.

केरबाला ते रान आठवत होतं. चार नाही, तीनच रात्री बसलो होतो, म्हणाला. चौथ्या दिवशी पाऊस आला म्हणून निघालो. गुरुजींनी खरेदीखताची झेरॉक्स काढून त्याला वाचून दाखवली. केरबानं आपलं नाव दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी तेहेतीस साल मपला पत्ता शहरात हाय," तो म्हणाला, "आन् मला कुणी सांगितलं नाय?"

"घरकुलाचा अर्ज तीनदा माघारी आला यांचा," म्हाळसाबाई लसूण बाजूला सारून म्हणाली. "कायमचा पत्ता नाय म्हणून. त्या साहेबाला दाखवा हा कागद."

गुरुजींनी विषय शपथपत्रावर आणला. मेंढरं पुन्हा येणार नाहीत एवढं लिहून द्यायचं. केरबानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"गेली म्हणून लिवून देतो गुरुजी. पन परत येनार नाय आसं कसं लिवू? मेंढरू हाय ते. गवत दिसलं की येतंय. उद्या आलं तर मी खोटा पडंन."

गुरुजींनी त्याला खूप समजावलं. तिथं आता गवत नाही, फरशी आहे. केरबा म्हणाला, फरशी काय कायमची असती व्हय. शेतही कायमचंच वाटायचं. शेवटी त्यानंच तोड काढली.

"त्यापरीस मेंढरंच आनून बसवतो की. कागदात हायेत, तर रानातबी आसू द्या."

इथं गुरुजींनी नाही म्हणायला हवं होतं, असं वाचकांना वाटेल. पण तोवर एप्रिल उजाडला होता, इसार अडकला होता, आणि वच्छलाबाईंनी बाजारातून एक दीड इंची खिळा आणून देव्हाऱ्यात ठेवला होता.

दगडाबाईंची समजूत काढणं सोपं गेलं. त्यांच्या गिरणीपुढं फरसबंदी अंगण होतं. मेंढरं एक दिवस बसवू द्यायला त्या तयार झाल्या, अट एकच, पडेल ते लेंडीखत त्यांच्या दोडक्याच्या वेलांना. केरबानं रिवाजाप्रमाणं रात्रीच्या दोन पायल्या ज्वारी मागितली. मेंढरं रानाला बसवा की फरशीला, ज्वारी तेवढीच, हे त्यानं आधीच स्पष्ट केलं.

मेच्या मध्यावर वकीलसाहेब जागेच्या पाहणीला आले. गल्ली सगळी दारात उभी होती. अंगणात साठेक मेंढरं कोंडा खात होती. साहेबांनी मोबाईल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली आणि थांबले.

"ते काय आहे?"

"शेळी हाय साहेब," केरबा म्हणाला.

"शेळीचा उल्लेख खतात नाही. बाजूला घ्या."

शेळीला गिरणीत कोंडलं. मग साहेबांनी विचारलं, शहाऐंशी सालची ती हीच मेंढरं का? केरबानं खरं तेच सांगितलं, की मेंढरू दहा-बारा सालांच्या वर जगत नाही.

"म्हणजे हे मूळ मेंढरांचे वारस."

"व्हय. पनतवंडांचीबी पनतवंडं म्हना."

वकीलसाहेबांनी तशी नोंद घेतली. राहता राहिला एक मुद्दा. ही मेंढरं केरबाचीच, याला पुरावा काय? मेंढरांना कागद नसतो. साहेब नाइलाजानं वही मिटायला लागले, तेव्हा म्हाळसाबाई अंगणाच्या टोकाला गेली आणि तिनं ओठांचा चंबू करून एक लांब आवाज काढला. साठच्या साठ मेंढरांनी कोंड्यातून माना वर केल्या आणि ती तिच्याकडं धावत सुटली. त्यातली चार साहेबांच्या दोन्ही बाजूंनी गेली. साहेबांनी पँट झटकली आणि लिहिलं, "मेंढरांनी मालकिणीची ओळख पटवली. चतुःसीमा जुळतात."

एकोणतीस मेला कर्ज मंजूर झालं. त्याच दिवशी खरेदीखत करायचं ठरलं. निबंधक कार्यालयाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसणारा बन्सी हा तिथला जुना दस्तलेखक. त्यानं मसुदा लिहिला आणि गुरुजींच्या हाती दिला. पूर्वेस केरबा यांची मेंढरं.

"बन्सी, इथं आता तरी गिरणी लिही," गुरुजी म्हणाले.

"टेन्शन नका घेऊ गुरुजी. मागच्या खतात जे असतं तेच पुढच्या खतात येतं. आपण लिहीत नसतो, आपण फक्त पुढं चालवतो."

"पण तिथं गिरणी आहे, तू ये आणि बघ."

"मी कधीच बघायला जात नाही," बन्सी नम्रपणे म्हणाला. "बघितलं की लिहिता येत नाही."

चौथीतल्या मुलानं पूर्वेला मेंढरं लिहिली असती तर गुरुजींनी त्याला सूर्याकडं तोंड करून उभं केलं असतं. इथं त्यांनी अंगठा दिला, फोटो काढून घेतला, पानापानावर सही केली. एकतीस तारखेला त्यांना नारळ मिळाला. एक जूनला ते आपल्या घरात राहायला गेले.

पहिल्याच सकाळी वच्छलाबाईंनी मोर बाहेर काढला, खिळा काढला, शेजारून हातोडी आणली. गुरुजी तेवढ्यात बँकेचं मंजुरीपत्र वाचत बसले होते. त्यांना कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायची सवय होती. घर घेणाऱ्या माणसाला ती परवडत नाही. अट अकरावी अशी होती की, चतुःसीमा कर्ज फिटेपर्यंत आहे तशा कायम ठेवाव्यात, बँक दरवर्षी पाहणी करेल. अट चौदावी अशी की, बँकेच्या लेखी परवानगीशिवाय भिंती, छत वा जोते यांत कोणताही फेरफार करू नये.

"अगं, थांब," गुरुजी म्हणाले.

वच्छलाबाई हातोडी घेऊन थांबल्या. त्या आठव्यांदा थांबत होत्या.

गुरुजी कायद्याला धरून चालणारे. त्यांनी अर्ज केला. विषय: बाहेरच्या खोलीतील पूर्वेच्या भिंतीत एक खिळा ठोकण्यास परवानगी मिळणेबाबत. बँकेनं खिळ्याची लांबी विचारली. कळवली. खोली विचारली. गुरुजींनी नम्रपणे विचारलं, कुठली खोली, राहायची की ठोकायची? ठोकायची. तीही कळवली. अभियंत्याचा दाखला मागवला. त्यानंतर अर्ज विचाराधीन झाला, आणि विचार दीर्घ निघाला.

मेंढरांचं मात्र सुरळीत चाललं. केरबाची वाट दरवर्षी ठरलेली असे. तिच्यात आता पाचोडच्या बाजारानंतर आणि बिडकीनच्या अलीकडं एक मुक्काम वाढला. त्याला तो 'गुरुजींची पूर्व' म्हणे. दर मेमध्ये पाहणी होई, शेळी गिरणीत जाई, दगडाबाईंचे दोडके हातभर लांब होत. गल्लीतल्या मुलांना या दिवसाची ओढ लागली. गुरुजी त्यांना जमवून दिशा शिकवीत, पण पूर्वेपाशी आले की जरा अडखळत आणि म्हणत, "पूर्वेला सूर्य उगवतो. आणि मेमध्ये मेंढरं."

तिसऱ्या वर्षी दगडाबाईंनी घर आणि गिरणी गहाण ठेवून नवी चक्की बसवायचं काढलं. बँक तीच, वकीलसाहेब तेच. ते आले, दगडाबाईंच्या अंगणात उभे राहिले, आणि पश्चिमेकडं तोंड करून गुरुजींच्या घराकडं बराच वेळ बघत राहिले. गुरुजींनी ओळखीच्या माणसाला चहा विचारला.

"गुरुजी, अडचण आहे," साहेब म्हणाले. "बाईंच्या खतात पश्चिमेस मोकळी जागा आहे."

काकासाहेबांनी घर बांधायच्या आधीचं ते खत होतं. गुरुजींना एव्हाना पुढचं कळत होतं, तरी ते बोलले. "साहेब, इथं माझं घर आहे. तुम्हीच त्यावर कर्ज दिलंय."

"दिलंय ना," साहेब आपुलकीनं म्हणाले. "ती वेगळी फाईल."

घर पाडा असं कुणीच म्हणत नव्हतं. साहेबांना फक्त एक संमतीपत्र हवं होतं, की दगडाबाईंच्या कामापुरती आपली जागा मोकळी समजण्यास गुरुजींची हरकत नाही. गुरुजींनी एक रात्र विचारासाठी मागून घेतली. पण विचाराला फार जागा नव्हती. सही नाही केली तर दगडाबाई रुसणार. त्या रुसल्या तर अंगण बंद. अंगण बंद तर मेंढरं नाहीत, मेंढरं नाहीत तर चतुःसीमा नाहीत, आणि चतुःसीमा नाहीत तर घर नाही. म्हणजे घर टिकवायचं असेल तर घर नाही असं लिहून देणं भाग होतं.

सकाळी त्यांनी सही केली. वच्छलाबाईंनी शेजारी बसून ते संमतीपत्र दोनदा वाचून घेतलं.

"अहो, म्हणजे इथं आता काय आहे?"

"मोकळी जागा," गुरुजी खाली मान घालून म्हणाले.

"भिंत नाही?"

"कागदावर नाही."

वच्छलाबाई उठल्या. देव्हाऱ्यातला खिळा काढला, हातोडी घेतली आणि पूर्वेच्या भिंतीपाशी गेल्या. "मग परवानगी कशाची मागताय? नसलेल्या भिंतीत फेरफार कसला?"

चार ठोक्यांत खिळा बसला. नसलेल्या भिंतीवर चौतीस वर्षांनी मोर लागला, आणि तो जरा डावीकडं कलला आहे असं गुरुजींना वाटलं. पण डावीकडं म्हणजे उत्तरेला की कसं, हा विषय त्यांनी काढला नाही.

आता वाचकांना एक सोपा गृहपाठ. आपलं कपाट उघडा, खरेदीखत काढा, ते ज्या पिशवीत आहे त्या पिशवीवरची धूळ झटका आणि चतुःसीमेचा परिच्छेद आयुष्यात पहिल्यांदा वाचा. मग बाहेर येऊन सूर्याकडं तोंड करून उभे राहा आणि चारी बाजू ताडून बघा. सगळं जुळलं तर तुमचं घर अजून बांधून झालेलं नाही. नाही जुळलं तर मेंढरं कुठं मिळतात ते पाचोडला विचारा.

हे झाल्यावर, धीर असेल तर, शेजाऱ्याचं खत मागून आणा आणि तुम्ही जिथं राहता तिथं त्यात काय लिहिलंय ते बघा. 'मोकळी जागा' असेल तर कुणाला सांगू नका. खिळा मात्र लगेच ठोकून घ्या.